यहुदी श्रद्धा आणि उतारवय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यहुदी धर्म म्हातारपणाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो?

यहुदी परंपरेत म्हातारपण म्हणजे कर्तव्यांतून मिळालेली सुटी नव्हे. ईश्वराशी झालेला करार आणि त्या करारातून आलेल्या आज्ञा, ज्यांना हिब्रूत मित्स्वा म्हणतात, माणूस शुद्धीवर असेपर्यंत त्याला लागू राहतात. वय वाढते तशी त्या पाळण्याची रीत बदलते, सवलती मिळतात, पण ‘आता तुमच्याकडून काहीच अपेक्षा नाही’ असे धर्म कोणत्याही म्हाताऱ्याला सांगत नाही. उतारवयातील अर्थाचा शोध आपल्याकडे बहुधा अंतर्मुख होण्याशी, संसारातून हळूहळू मन काढून घेण्याशी जोडला जातो. यहुदी विचार मात्र असे मानतो की आपल्याकडून अजून काही मागितले जात आहे, ही जाणीव टिकली तर अर्थ टिकतो.

विसाव्या शतकात हा विचार सर्वांत नेमकेपणाने मांडला तो रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, अब्राहाम जोशुआ हेशेल (१९०७–१९७२) यांनी. वॉर्सात जन्मलेले आणि पुढे न्यू यॉर्कला धर्मशास्त्राचे प्राध्यापक झालेले हेशेल जानेवारी १९६१ मध्ये वॉशिंग्टनला वृद्धांच्या प्रश्नांवरील राष्ट्रीय परिषदेत बोलले. म्हाताऱ्या माणसांना वेळ घालवण्यासाठी खेळ आणि करमणूक पुरवून समाज आपली जबाबदारी संपली असे समजतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आपण कोणाला तरी हवे आहोत असे माणसाला वाटावेसे वाटते, ती केवळ भावनेची भूक नाही. माणसाकडून खरोखरच काही मागितले जात असते, त्या वस्तुस्थितीचा तो प्रतिसाद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वृद्धाश्रमात करमणुकीची व्यवस्था पाहणारा माणूस असतो, तसा अध्ययनाची व्यवस्था पाहणाराही असावा, ही त्यांची सूचना साधी होती. ती आजही फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही.

म्हातारपण हे वरदान आहे की शिक्षा?

तालमूद या धर्मचर्चांच्या प्राचीन संग्रहातील एका कथेप्रमाणे यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या आधी म्हातारपणाच्या खुणाच नव्हत्या. अब्राहाम आणि त्याचा मुलगा इसहाक इतके सारखे दिसत की बापाशी बोलायला आलेला माणूस मुलाशी बोले आणि मुलाकडे आलेला बापाशी. तेव्हा अब्राहामाने प्रार्थना केली आणि जगात म्हातारपण आले. म्हणजे या कथेत पांढरे केस कोणत्या पापाचे फळ म्हणून आलेले नाहीत. ते मागून घेतलेले आहेत. मात्र हे वरदान पुढे किती महाग पडते हेही त्याच परंपरेने लपवलेले नाही. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

कितव्या वर्षापासून माणसाला वृद्ध मानतात?

मिश्ना या तालमूदच्या पायाभूत नियमसंग्रहातील ‘पिर्के आवोत’ या नीतिवचनांच्या भागात आयुष्याचे टप्पे दिले आहेत. पाचव्या वर्षी शास्त्रपठण, तेराव्या वर्षी आज्ञापालन, अठराव्या वर्षी विवाह, चाळिसाव्या वर्षी समज, पन्नासाव्या वर्षी सल्ला देण्याची पात्रता, साठाव्या वर्षी वार्धक्य, सत्तराव्या वर्षी पिकलेले केस आणि ऐंशीव्या वर्षी बळ. नव्वदीला माणूस वाकतो आणि शंभरीला तो जणू जगातून निघून गेलेलाच असतो, असे ते वचन कोणताही संकोच न ठेवता सांगते. ऐंशीला ‘बळ’ का म्हटले, याचे उत्तर ईश्वराच्या आज्ञा आणणारा संदेष्टा मोशे याचे म्हणून मानल्या गेलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात आहे: आयुष्याची वर्षे सत्तर, आणि बळ असेल तर ऐंशी. याच स्तोत्रात, आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव म्हणजे आम्हाला सुज्ञ अंतःकरण लाभेल, अशी विनवणी येते. वाढदिवसाला ‘एकशे वीस वर्षे जगा’ असा आशीर्वाद देतात, कारण मोशे तेवढे जगला आणि शेवटपर्यंत त्याची दृष्टी मंद झाली नव्हती, असे तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, सांगते.

वडीलधाऱ्यांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा कोणासाठी आहे? विद्वानांसाठी की सर्वांसाठी?

लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे आणि वृद्धाचा मान राखावा अशी आज्ञा आहे. हा मान नेमका कोणाचा, यावर तालमूदमध्ये वाद झाला. काही आचार्यांच्या मते तो ज्ञान मिळवलेल्या माणसाचा; इस्सी बेन यहूदा यांच्या मते मात्र कोणत्याही पिकल्या केसांचा. रब्बी योहानान यांनी दुसरे मत स्वीकारले आणि ते यहुदी नसलेल्या म्हाताऱ्यांपुढेही उठून उभे राहत. या माणसांवरून किती प्रसंग गेले असतील, असे ते म्हणत. अबाये नावाचे आचार्य म्हाताऱ्यांना आधाराला हात देत. पुढे ‘शुल्खान आरूख’ या धर्मसंहितेने सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी हा नियम ठरवला.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मान घेणाऱ्यानेही लोकांना त्रास देऊ नये, असे त्याच चर्चेत पुढे येते. गर्दीतून जाऊन सर्वांना उठायला लावण्यापेक्षा लांबच्या वाटेने जावे. जो असे करतो त्याला दीर्घायुष्य लाभते, अशी समजूत होती आणि स्वतः अबाये तसे वागत. घरातल्या तरुणांनी उठसूट पाया पडावे अशी अपेक्षा धरणाऱ्या ज्येष्ठांनी हा भाग आवर्जून वाचावा. इस्राएलमध्ये बसमधील राखीव आसनांजवळ लेवीयमधले हेच वचन लिहिलेले असते.

शरीर थकते, दुखते, हातून काही होत नाही. धर्म या दुःखाला गोड नाव देतो का?

देत नाही, आणि माझ्या मते या परंपरेचे हेच मोठे बळ आहे. उपदेशक या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात म्हातारपणाचे वर्णन येते: घराचे राखणदार थरथरतात, दळणाऱ्या थोड्या उरल्याने थांबतात, खिडकीतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसते, पाखराच्या आवाजानेही माणूस जागा होतो. तालमूदमधील आचार्यांनी यातील एकेक प्रतिमा उलगडून ती शरीराच्या एकेका अवयवाला लावली. तिथेच रब्बी शिमोन बेन हालाफ्ता यांची गोष्ट आहे. सणाला भेटायला का आला नाहीत, असे विचारल्यावर ते म्हणाले की लहान खडे मोठे झाले आहेत, जवळचे दूर झाले आहे, दोनांचे तीन झाले आहेत आणि घरात सलोखा राखणारी गोष्ट बंद पडली आहे. दोनांचे तीन म्हणजे दोन पायांना काठीची जोड. शेवटचा उल्लेख शरीरसुखाच्या ओढीचा आहे.

दावीद राजाला संकटात मदत करणारा बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. यरुशलेमला माझ्याबरोबर राहायला चल, असे राजाने म्हटल्यावर त्याने नकार दिला. खाल्ल्या-प्यायल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी तुम्हाला भार कशाला होऊ, असे तो म्हणाला. यावर तालमूदमध्ये राव नावाचे आचार्य बर्जिल्लय खोटे बोलला असे म्हणतात, कारण मिश्नाचे संकलक रब्बी यहूदा यांच्या घरातील दासी ब्याण्णव वर्षांची होती आणि स्वयंपाकाची चव पाहण्याचे काम तिच्याकडेच होते! एका माणसाच्या म्हातारपणावरून सगळ्यांचे म्हातारपण ठरवू नये, हे सांगण्याची ही त्यांची पद्धत.

दुःखाला उत्तर नसते तेव्हा काय करावे, याचाही एक प्रसंग आहे. रब्बी एलाझार आजारी होते. रब्बी योहानान त्यांना भेटायला गेले तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत रडत होते. कमी शिकलो म्हणून रडतोस का, गरिबीमुळे रडतोस का, असे विचारून झाल्यावर एलाझार म्हणाले की हे सौंदर्य मातीत जाणार म्हणून मी रडतो. योहानान म्हणाले की त्यासाठी रडणे योग्यच आहे, आणि दोघेही रडले. मग योहानानांनी विचारले, तुला हे दुःख प्रिय आहे का? उत्तर मिळाले, ना दुःख ना त्याचे फळ. तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि त्याला उठवले. दुःखातून काही शिकायलाच हवे, असा आग्रह इथे कोणीही धरत नाही.

म्हातारपणाची भीती प्रार्थनेत व्यक्त करता येते का?

येते. एकाहत्तराव्या स्तोत्रात, म्हातारपणी मला टाकू नकोस, माझी शक्ती क्षीण झाल्यावर मला सोडू नकोस, अशी याचना आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी सबंध मंडळी हीच ओळ अनेकवचनात म्हणते. म्हणजे विशीतला मुलगाही ‘आम्हाला म्हातारपणी टाकू नकोस’ असे म्हणत असतो. एकट्या म्हाताऱ्याची भीती अशा रीतीने सगळ्यांची होते. ही ओळ ऐकून शेजारी बसलेल्या वृद्धाकडे पाहावेसे वाटले नाही, तर ती नुसती म्हटली गेली असे समजावे.

सेवानिवृत्तीबद्दल धर्माचे काय म्हणणे आहे?

तोरामध्ये निवृत्तीचा स्पष्ट नियम एकाच ठिकाणी आढळतो. निवासमंडपाची, म्हणजे फिरत्या मंदिराची, सेवा करणाऱ्या लेवी कुळातल्या पुरुषांनी पन्नासाव्या वर्षी अंगमेहनतीचे काम थांबवावे. मात्र पुढे आपल्या भावांबरोबर राहून देखरेखीचे काम करावे, असे गणना या ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे ओझी उचलणे थांबते, जबाबदारी राहते.

लुबाविच या परंपरानिष्ठ यहुदी पंथाचे रब्बी मेनाखेम मेंडल श्नेअरसन १९७२ साली सत्तर वर्षांचे झाले, तेव्हा आता कामाचा भार कमी करावा असे त्यांना सुचवले गेले. उत्तरादाखल त्यांनी येत्या वर्षभरात एकाहत्तर नव्या संस्था उभ्या करा, असे अनुयायांना सांगितले. १९८० मध्ये त्यांनी निवृत्त स्त्री-पुरुषांसाठी ठिकठिकाणी तोरा-अध्ययनाचे वर्ग सुरू करण्याचे आवाहन केले. शरीराची ताकद उतरते तेव्हाच अनुभव सर्वाधिक असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणसाला बाजूला बसवणे हा समाजाचा तोटा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्येकाला असा उत्साह पेलणार नाही, हे उघड आहे. सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, पुस्तकांना पुठ्ठे घालणारा निवृत्त कारकूनही याच नियमात बसतो.

उपवास झेपत नाही, उभे राहून प्रार्थना होत नाही. मग श्रद्धा उणी पडली का?

नाही. जीव वाचवणे हे जवळजवळ सर्व आज्ञांहून श्रेष्ठ मानले जाते. योम किप्पूरचा पंचवीस तासांचा कडक उपवासही आजाऱ्याला बंधनकारक नाही. जाणकार सांगतील त्याप्रमाणे त्याला खाऊ घालावे आणि जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवून खाऊ घालावे, असे मिश्ना सांगते. वैद्य ‘गरज नाही’ म्हणत असेल आणि आजारी माणूस ‘आहे’ म्हणत असेल, तर आजाऱ्याचे ऐकावे. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने खाणे हीच त्या दिवशी त्याच्यासाठी आज्ञा असते. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून प्रार्थना करावी, बसता येत नसेल त्याने पडून, आणि ओठही हलत नसतील त्याने मनात. हट्टाने गोळ्या चुकवून उपवास करणाऱ्या आजोबांना घरच्यांनी हे शांतपणे वाचून दाखवावे.

ज्याची स्मृतीच गेली आहे, त्याच्या आयुष्याला धार्मिक अर्थ उरतो का?

हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. लोक सोन्याचे वासरू पूजत आहेत हे पाहून मोशेने ईश्वराच्या दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फोडल्या आणि नंतर दुसऱ्या मिळवल्या. फुटलेल्या तुकड्यांचे काय झाले? तालमूदच्या मते ते अखंड पाट्यांबरोबर त्याच पवित्र कोशात ठेवले गेले. यावरून आचार्य सांगतात की ज्या वृद्धाची विद्या त्याचा काही दोष नसताना विसरली गेली, त्याच्याशी आदराने वागा. तुकडे कोशातून बाहेर काढले जात नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘आता ते पूर्वीचे राहिले नाहीत’ म्हणून संभाषणातून, सणातून, ताटावरून वगळणाऱ्या घरांसाठी याहून थेट वचन मला ठाऊक नाही.

पण सांभाळणाऱ्याचे काय? रब्बी असी यांच्या वृद्ध आईची गोष्ट तालमूदमध्ये आहे. तिने आधी दागिने मागितले, मग नवरा मागितला, मग तुझ्यासारखा देखणा नवरा हवा असे म्हणाली. तेव्हा तिला सोडून ते बाबिलोनहून इस्राएलच्या भूमीकडे निघून गेले. बाराव्या शतकातील मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदीस, यांनी नियम सांगितला तो असा: आईवडिलांचे चित्त बिघडले तर मुलाने त्यांच्या अवस्थेप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करावा, पण ते अजिबात शक्य नसेल तर त्यांची नीट व्यवस्था इतरांवर सोपवून त्याने दूर व्हावे. त्यांचे समकालीन टीकाकार, प्रोव्हान्सचे रब्बी अब्राहाम बेन दावीद, यांना हे पटले नाही. मुलगाच निघून गेला तर सांभाळायला सांगणार कोणाला, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. दोन्ही मते आजही एकाच पानावर छापली जातात, आणि आईला सेवाकेंद्रात ठेवावे की नाही या विवंचनेत असलेल्या माणसाला त्या पानावर निदान इतके दिसते की आपली घालमेल नवी नाही. आईवडिलांना जेवू घालणे, कपडे घालणे, आत-बाहेर नेणे ही सेवा मुलांकडून अपेक्षित आहे. मुलाचा जीव संपवून ती व्हावी, अशी अपेक्षा मैमोनिदीस तरी धरत नाहीत.

साठीनंतर धर्माचा अभ्यास सुरू करता येतो का?

रब्बी अकिवा चाळिसाव्या वर्षापर्यंत निरक्षर होते आणि मुलाबरोबर बसून मुळाक्षरे शिकले, अशी परंपरा आहे. सत्तर हे आयुष्याचे पूर्ण माप मानून त्र्याऐंशीव्या वर्षी, म्हणजे सत्तरीनंतर तेरा वर्षांनी, दुसऱ्यांदा बार मित्स्वा, म्हणजे तेराव्या वर्षी आज्ञापालन सुरू होण्याचा सोहळा, साजरा करण्याची प्रथाही अलीकडे अनेक देशांत रुळली आहे. लहानपणी युद्धामुळे वा गरिबीमुळे ज्यांची पहिली संधी हुकली, त्यांच्यासाठी ती विशेष मोलाची ठरते. काम पुरे करणे तुझ्यावर नाही, पण ते सोडून देण्यासही तू मोकळा नाहीस, हे रब्बी तार्फोन यांचे वचन उशिरा शिकायला बसलेल्यांना नेहमी ऐकवले जाते.

एकटेपणावर या परंपरेत काही उपाय आहे का?

होनी नावाच्या साधूची गोष्ट पाहावी. वाटेत एक म्हातारा कॅरोबचे झाड लावताना दिसला. फळ यायला सत्तर वर्षे लागतील आणि ते नातवंडांसाठी लावतो आहे, असे त्याने सांगितले. गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच थांबवली जाते, कारण इथपर्यंत ती सुबोध आहे. खरी गोष्ट पुढे आहे. होनी सत्तर वर्षे झोपला आणि उठून अध्ययनगृहात गेला. तिथे लोक त्याच्याच विद्वत्तेची आठवण काढत होते, पण ‘मीच होनी’ यावर कोणाचा विश्वास बसेना. त्याला योग्य तो मान मिळाला नाही, तो खचला, त्याने मरण मागितले आणि तो मेला. सोबत नाही तर मरण बरे, अशी म्हण त्यावरून पडल्याचे तालमूद नोंदवते.

उपाय म्हणून धर्माने मंडळीची रचनाच तशी केली आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा जणांचा मिन्यान लागतो. परंपरानिष्ठ मंडळींत ते दहा पुरुष असतात, सुधारणावादी मंडळींत स्त्रियाही मोजल्या जातात. दहा पुरे झाले नाहीत तर मृतांसाठी म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही. त्यामुळे ज्या गावात मंडळी लहान आहे तिथे दहावा म्हणून येणाऱ्या नव्वदीतल्या गृहस्थाला कमी ऐकू येते की त्याला डुलकी लागते याला महत्त्व नसते; तो आला नाही तर कोणाच्या तरी वडिलांचा कद्दीश राहतो. एखाद्याला तुम्ही हवे आहात असे नुसते म्हणणे आणि तो नसेल तर काम खरोखर अडणे, यांत फार अंतर आहे.

जुनी भांडणे आणि केलेले अपराध घेऊन म्हातारपण काढावे लागते. त्याचे काय?

मरणाच्या आदल्या दिवशी पश्चात्ताप कर, असे रब्बी एलिएझेर म्हणाले. मरणाचा दिवस कोणाला ठाऊक असतो, असे शिष्यांनी विचारले. म्हणूनच आज कर, असे उत्तर आले. माणसामाणसांतील अपराध मात्र प्रार्थनेने धुतले जात नाहीत. ज्याला दुखावले त्याची समजूत काढल्याखेरीज योम किप्पूरही त्यातून सोडवत नाही. तो माणूस मरण पावला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि सर्वांसमक्ष अपराध कबूल करावा, असा विधी आहे. रब्बी झाल्मन शाख्टर-शालोमी (१९२४–२०१४) यांनी साठीच्या सुमारास आलेल्या खिन्नतेतून उतारवयासाठी काही साधना रचल्या. ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांना मनोमन मेजवानीला बोलावून त्यांच्यामुळे काय मिळाले याबद्दल आभार मानावेत, ही त्यांतील एक. ही साधना अनेकांना उपयोगी पडली असली, तरी खऱ्या अन्यायाच्या बाबतीत ती सर्वांना मानवेल असे वाटत नाही आणि कोणी तशी सक्तीही करू नये.

मुला-नातवंडांसाठी मालमत्तेखेरीज काय ठेवावे?

याकोबाने मृत्युशय्येवर मुलांना जवळ बोलावून एकेकाला उद्देशून बोलल्याचे उत्पत्ती या ग्रंथात आहे. त्यातूनच पुढे नैतिक मृत्युपत्र लिहिण्याची प्रथा वाढली: आपण कशावर विश्वास ठेवला, काय चुकले, तुम्ही कसे वागावे, याचे पत्र. बाराव्या शतकात यहूदा इब्न तिब्बोन या भाषांतरकाराने आपल्या मुलासाठी, शमुवेलसाठी, लिहिलेले असे मृत्युपत्र प्रसिद्ध आहे. त्यात उपदेश आहे तसाच वैतागही आहे. मी तुझ्यासाठी एवढा ग्रंथसंग्रह केला आणि तू अभ्यासाची हयगय करतोस, अशी तक्रार आहे, आणि पुस्तके कशी झाकावी, उसनी दिली तर नोंद कशी ठेवावी, याच्या सूचनाही आहेत. शमुवेल पुढे बापाहून मोठा भाषांतरकार झाला. असे पत्र लिहायचे असेल तर ते गोड करण्याच्या नादी लागू नये, पण मेल्यानंतर उत्तर देता येत नाही अशा माणसाने शेवटचा टोमणाही मारून ठेवू नये.

वृद्ध स्त्रियांसाठी वेगळे काही आहे का?

जुन्या ग्रंथांत पुरुषांचा आवाज अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी सारा नव्वदीत आई होते आणि ती बातमी ऐकून हसते. नामी परक्या मुलखातून रिकाम्या हाताने परतते आणि सून रूथ हिच्या मुलाला मांडीवर घेते, तेव्हा हा तुझ्या म्हातारपणाचा आधार होईल असे शेजारणी तिला म्हणतात. आधुनिक काळात स्त्रियांनी स्वतःचे विधी घडवले. अमेरिकेत १९८६ साली सविना ट्यूबल या अभ्यासिकेने आपल्या साठाव्या वर्षी वार्धक्याचे स्वागत करणारा, ज्ञानाचा आनंद साजरा करणारा सोहळा केला आणि तो पुढे अनेक मंडळींनी उचलला.

हे वानप्रस्थाश्रमासारखेच नाही का?

फारसे नाही. वानप्रस्थात माणूस गृहस्थधर्माची कामे पुढच्या पिढीकडे देऊन अलिप्ततेकडे वळतो. यहुदी धर्मात वनात जाण्याची पायरी नाही; शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, जेवण, सण, अध्ययन, आजाऱ्यांची विचारपूस यांतच शेवटपर्यंत राहायचे असते. मंडळीपासून वेगळा होऊ नकोस, हे हिल्लेल यांचे वचन वयाची अट घालत नाही. दोन्हींतले कोणते बरे, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजात वडीलधाऱ्यांचे स्थान काय राहिले आहे?

मराठी वाचकांसाठी हा भाग सर्वांत जवळचा आहे. समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे हे वंशज. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावे त्यांच्या गावांवरून आली. ग्रंथ हाताशी नसताना, हिब्रू जवळजवळ विसरली गेली असताना, जन्म, लग्न, मरण अशा प्रत्येक प्रसंगी ‘शेमा इस्राएल’ ही एकच प्रार्थना म्हणत या समाजाने शतके काढली. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि सणांच्या तिथी कोणत्या पुस्तकात नव्हत्या. त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होत्या. रोश हाशाना या नववर्षदिनाला नव्याचा सण, योम किप्पूरला दारफाळणीचा सण, तिशा बआव या मंदिरनाशाच्या शोकदिनाला बिरड्याचा सण ही नावे आजी-आजोबांच्या पिढ्यांनीच चालवली. वृद्धाची आठवण हेच धर्माचे घर असल्याचे इतके ठळक उदाहरण दुसऱ्या यहुदी समाजांत क्वचितच सापडेल.

मलिदा हा या समाजाचा खास विधी. भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळे असे ताट मांडून एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्मरण करतात. लग्नाआधी, नवस फेडताना, आजारातून उठल्यावर, नव्या घरात जाताना मलिदा होतो. आजारातून बरे झालेल्या आजीसाठी घरात होणारा मलिदा ही उतारवयातील कृतज्ञतेची पूर्ण प्रार्थना आहे. तिला तत्त्वज्ञानाची जोड लागत नाही. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाचा रथ टेकला अशी श्रद्धा असलेला खडक आहे आणि इस्राएलहून येणारी कुटुंबे वयस्कर मंडळींना घेऊन तिथे आवर्जून जातात.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा शहरांत वसले. तिथे पहिल्या पिढीचे म्हातारपण मराठीत आणि नातवंडांचे बालपण हिब्रूत अशी स्थिती आली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथे निघते, मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात. महाराष्ट्रात मागे राहिलेल्यांची अडचण वेगळी आहे. मुले दूर, सिनेगॉग मोठे आणि मिन्यानला माणसे कमी. वर सांगितलेला दहावा माणूस इथे रोजच्या जगण्यातला आहे.

मृत्यू जवळ आल्यावर काय करतात?

आजाऱ्याला विदुई, म्हणजे कबुलीची प्रार्थना, म्हणण्याची आठवण करून देतात. ती करताना तो घाबरू नये म्हणून, पुष्कळ जण कबुली देऊनही जगले आहेत, असे त्याला सांगण्याची सूचना धर्मसंहितेतच आहे. माझे बरे होणे आणि माझे मरण दोन्ही तुझ्या हाती आहेत, असा तिचा आशय असतो. शेवटी शेमा म्हणतात.

मरण ओढवून आणणे निषिद्ध आहे; पण मरण रोखून धरलेच पाहिजे असेही नाही. रब्बी यहूदा मृत्युशय्येवर असताना शिष्य त्यांच्या जगण्यासाठी अखंड प्रार्थना करत होते. त्यांच्या वेदना पाहून दासीने छपरावरून एक मडके खाली फेकले; आवाजाने प्रार्थना क्षणभर थांबली आणि त्यांचा प्राण गेला. तालमूद तिला दोष देत नाही. उपचार चालू न करणे आणि चालू उपचार बंद करणे यांत धर्मशास्त्र फरक करते. इस्राएलच्या संसदेने २००५ साली केलेल्या कायद्यातही हा फरक राखला आहे. प्रत्यक्ष निर्णय डॉक्टर आणि जाणत्या रब्बीशी बोलूनच घ्यावा.

परलोकाविषयी मते अनेक आहेत. पुनरुत्थानाचा उल्लेख रोजच्या प्रार्थनेत येतो, पण तपशिलावर एकवाक्यता नाही. या जगातील पश्चात्तापाची आणि सत्कर्मांची एक घटका परलोकातील सगळ्या आयुष्याहून मोलाची, असे पिर्के आवोत सांगते आणि लगेच पुढे, परलोकातील समाधानाची एक घटका इथल्या सगळ्या आयुष्याहून मोलाची, असेही सांगते. मृत्यूनंतर सात दिवस शिवा, म्हणजे घरी बसून पाळायचा शोक, तीस दिवसांचा शोक आणि आईवडिलांसाठी सुमारे वर्षभर कद्दीश असा क्रम असतो.

मी यहुदी नाही. यातील काही मला आचरता येईल का?

यहुदी धर्म धर्मांतरासाठी प्रचार करत नाही आणि त्याच्या सर्व आज्ञा इतरांना लागू आहेत असेही मानत नाही. स्तोत्रे मराठी बायबलमध्ये सहज वाचता येतात. नव्वदावे, एकाहत्तरावे आणि ब्याण्णवावे यांपासून सुरुवात करावी. मुलांसाठी पत्र लिहिणे, आजाऱ्याला भेटणे, जुना तंटा मिटवणे यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मिन्यान, तोराचे वाचन, मलिदा हे मात्र मंडळीचे विधी आहेत आणि तिथे पाहुणे म्हणूनच जावे. मुंबईत मांडवीचे १७९६ चे ‘शाआर हाराहामीम’, अलिबागचे ‘मागेन आबोथ’ किंवा पुण्याचे लाल देऊळ पाहायचे असेल तर आधी विचारणा करावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत शब्बाथ असल्याने त्या वेळात छायाचित्रे काढू नयेत.